सांडलेली रेंज

माझे बाबा रेंज वावात मोजतात. "बारा वावापर्यंत बोलता येतं, अठरा वावात मेसेज जातो, वीस वावाच्या पलीकडे फोन पेटीत." वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर भरतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. पाण्याच्या खोलीचं हे माप. दर्यात किती लांब आलो ते खोलीवरून सांगायची सवय कोकणातल्या आमच्या हर्णै बंदरात जुन्या सगळ्याच तांडेलांना, म्हणजे होडीच्या प्रमुखांना, आहे. पुढे मी दूरसंचार शिकले, पुण्यात मोबाइल टॉवरचं नियोजन करायच्या कामाला लागले, आणि एका सुट्टीत बाबांना शेजारी बसवून त्यांच्या वीस वावाची जागा नकाशावर शोधली. किनाऱ्यापासून पस्तीस किलोमीटरच्या आसपास भरली.

३५ किलोमीटर हा आकडा आमच्या धंद्यात कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी येतो. टूजी फोनची ती हद्द. फोनने पाठवलेली प्रत्येक खेप टॉवरवर नेमून दिलेल्या क्षणीच पोचावी लागते, म्हणून लांबचा फोन ती थोडी आधी सोडतो. किती आधी सोडायची, याच्या ६३ पायऱ्या आहेत आणि एक पायरी साधारण ५५० मीटरची. चौसष्टावी पायरी नाही. त्यापुढे सिग्नल कितीही स्वच्छ ऐकू आला तरी टॉवर फोनला जवळ करत नाही. बाबांनी हे कुठे वाचलेलं नव्हतं. ज्या खोलीवर फोन दर वेळी मुका होतो ती त्यांनी लक्षात ठेवली होती, एवढंच.

त्या दिवशी मला दुसरीही एक गोष्ट जाणवली आणि ती अजून मनातून जात नाही. दर्यात रेंज कुणी देत नाही. टॉवर माणसांसाठी उभे राहतात, आणि नियोजनाच्या नकाशावर समुद्र म्हणजे निळा, रिकामा भाग. टॉवरवरच्या अँटेना जमिनीकडे झुकवलेल्या असतात. समुद्रसपाटीपासून दीडशे मीटर उंचीवरची अँटेना चार अंश खाली झुकवली, तर तिच्या झोताचा मध्य जेमतेम दोन किलोमीटरवर जमिनीला टेकतो. क्षितिजाकडे जातो तो झोताचा वरचा विरळ काठ. पाण्यावरून तो फार लांब जातो, मध्ये झाड नाही, घर नाही. मग खाडीपलीकडच्या गावातले फोन भलत्याच टॉवरला चिकटतात आणि तक्रारी येतात. आमच्या भाषेत याला ओव्हरशूट म्हणतात. ओव्हरशूट दिसला की अँटेना आणखी अंशभर खाली करायची, हा नेहमीचा उपाय. मी स्वतः तो कितीतरी टॉवरांना केला आहे. माझ्या कामाच्या नोंदींत जो दोष म्हणून नोंदला जात होता, त्या सांडलेल्या रेंजवर माझ्या बापाचा अठरा वावातला मेसेज येत होता.

म्हणून बाबांच्या होडीवर मोडेम आणि अँटेना बसवायची ठरली तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसले. बंदरात नेट किती पळतं ते बघायचं नाही. बंदरात कुठलाही स्वस्तातला डोंगल पळतो. जिथे रेंज सुटते तिथे काय होतं, ते बघून सामान घ्यायचं.

हे ठरायला एक कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ला फयान चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला घासत वर गेलं आणि अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलं. मी कॉलेजात होते. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या होडीवर तांडेल होते. आई आणि मी दोन रात्री पुळणीवर, सुवर्णदुर्गाकडे तोंड करून उभ्या होतो. बाबांच्या खिशात फोन होता. चार्ज केलेला, बॅलन्स भरलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की होडी जयगडच्या खाडीत शिरली आहे आणि माणसं धड आहेत. त्या मोसमात कोकणातल्या सगळ्याच घरांना असा निरोप आला नाही. आई त्यानंतर कितीतरी महिने फोन उशाशी घेऊन झोपायची.

मागच्या वर्षी जून-जुलैच्या बंदीत होडी आंजर्ल्याच्या खाडीत आली, शाकारून झाली, आणि मी पंधरा दिवसांची रजा टाकून घरी आले. होडीवर आधी एक संच होताच. शेजारच्या एका मुलाच्या सांगण्यावरून बाबांनी ऑनलाइन मागवलेला: दहा डेसिबलची (डेसिबल म्हणजे सिग्नल किती वाढला-घटला ते सांगणारं माप) म्हणून विकली जाणारी मीटरभर लांब पांढरी अँटेनाची काठी, पंधरा मीटर बारीक काळी केबल आणि केबिनमध्ये छोटासा राउटर. बाबा म्हणाले, "काठी लावली पण वावभरही फरक नाही."

फरक कुठे गेला ते केबल हातात घेतल्यावर कळलं. पेन्सिलीहून बारीक ती आरजी-५८ जातीची केबल ९०० मेगाहर्ट्झला दर मीटरला अर्ध्या डेसिबलहून जास्त खाते. पंधरा मीटरला आठ डेसिबल गेले, म्हणजे काठीने जमवलेल्या सहा वाट्यांतला जेमतेम एक राउटरपर्यंत येत होता. आणि आठ मीटर वायर तर वेटोळं करून बाकाखाली ठेवलेली होती, उगाच. त्याच लांबीला बोटभर जाड एलएमआर-४०० घेतली असती तर दोन डेसिबल गेले असते. पण ती जाड केबल होडीवर वाकवायची म्हणजे सुतारकाम. शिवाय जोड आला की खारं पाणी आलं. जुन्या संचाचा वरचा जोड मी उघडला तर आतली तांब्याची वेणी हिरवी पडून चुरा झालेली. वर कुणीतरी बाथरूमला लावतात तसलं सिलिकॉन थापलं होतं. ज्या सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ते तांब्यावर कधी लावू नये, ते तांबं खातं. जोडावर ताणून गुंडाळायची, आपल्यातच एकजीव होणारी रबरी पट्टी मिळते. ती दोन थर, वरून साधी चिकटपट्टी, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोडायचा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन गळतं, जोडात शिरत नाही.

दुसरी अडचण त्या काठीतच होती. जास्त डेसिबलची काठी जादूने ताकद निर्माण करत नाही. वर आणि खाली जाणारी ताकद दाबून आडवी पसरवते. पसारा चपटा होतो, ताटलीसारखा. घराच्या गच्चीवर हे छान. होडी मात्र डुलते. लाटेवर पंधरा अंश कलली की ताटलीची एक कड आकाशात आणि दुसरी पाण्यात, आणि टॉवर मधल्या अंधारात. बाबांना हे समजावताना मी आईची परातच घेतली, तिरकी केली. त्यांनी परात हातात घेतली, स्वतः डुलवून पाहिली आणि म्हणाले, "मग कमी ताकदीची घे, बाय. पण सगळीकडे बघणारी." होडीसाठी चार-पाच डेसिबलची, सर्व दिशांनी ऐकणारी अँटेना पुरे. एका दिशेला रोखायची अँटेना होडीवर चालत नाही. नांगरावरसुद्धा भरती-ओहोटीबरोबर होडीचं तोंड फिरत राहतं.

आता उंची. ह्यात माझाही अंदाज आधी चुकला होता, म्हणून सविस्तर सांगते. रेडिओचं क्षितिज काढायचं सोपं गणित आहे: टॉवरच्या आणि अँटेनाच्या उंचीची, मीटरमध्ये, वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची, ४.१२ने गुणायचं, किलोमीटर मिळतात. डोंगरावरचा टॉवर टोकापर्यंत १५० मीटर धरा. फोन पाण्यापासून दोन मीटरवर असेल तर ५६ किलोमीटर. अँटेना सहा मीटरवर नेली तर साडेसाठ. चारच किलोमीटरचा फायदा, आणि मला वाटलं एवढ्यासाठी खांब कशाला उभारायचा. पण क्षितिज हा अर्धाच हिशोब. पाण्यावरून सिग्नल दोन वाटांनी येतो, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून, आणि लांबवर ह्या दोन वाटा एकमेकींना मारतात. अँटेना जितकी पाण्यालगत, तितकी ही मारामारी जास्त. उंची दुप्पट केली की चौपट सिग्नल. दोनाची सहा मीटर केली की नऊपट. होडीवर चालेल अशी कुठलीही काठी नऊपट देत नाही. केबिनच्या टपावर उभा केलेला एक पाइप देतो.

तेव्हा प्रश्न उरला तो केबलचा. अँटेना सहा मीटरवर आणि मोडेम खाली केबिनमध्ये, म्हणजे मिळवलेलं पुन्हा केबलला खायला घालायचं. म्हणून मोडेमच वर न्यायचा ठरवला. पाणी न शिरणाऱ्या पांढऱ्या डब्यात मोडेम, त्याच्या दोन बाजूंना दोन अँटेना, मधली केबल वीतभर. खाली येते ती साधी नेटवर्कची केबल, तिच्यातूनच वर वीज जाते. नेटवर्कच्या केबलमधून आकडे जातात, त्यांना शंभर मीटरपर्यंत झीज नाही. केबिनमध्ये फक्त वायफायचा डबा. वीज थेट होडीच्या बॅटरीवरून, पण इंजिन सुरू करताना बॅटरी एकदम खाली बसते आणि मग चार्जिंगला वर उसळते; म्हणून ९ पासून ३० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेणारं यंत्र निवडलं. एप्रिलच्या उन्हात डबा तापेल ही धास्ती होती. डब्यावर बोटभर अंतर सोडून फायबरचं छप्पर बसवलं, तेही बाबांनी.

मोडेम कुठला, हा प्रश्न लोक सगळ्यात आधी विचारतात. मला तो सगळ्यात शेवटी पडला. फाइव्हजी घेतला नाही. फाइव्हजीचा वेग ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे तो पट्टा पुळण सोडली की थोड्याच वेळात संपतो. दर्यात चालतात त्या खालच्या लहरी: जिओच्या ८५०, एअरटेल आणि व्हीआयच्या ९००, बीएसएनएलच्या फोरजीच्या ७००. मोडेम घेताना हे पट्टे, म्हणजे ५, ८ आणि २८ क्रमांकाचे, त्याच्या यादीत आहेत ना एवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेलं यंत्र स्वस्तात मिळतं आणि त्यात यातला एखादाच असतो. वेगाच्या श्रेणीत मी सहावी घेतली, दोन पट्टे एकत्र करणारी. खरं तर चौथ्या श्रेणीनेही भागलं असतं. त्याहून मोलाच्या मला तीन गोष्टी वाटल्या: दोन कंपन्यांची दोन सिमं राहणं, ठरावीक पट्टा कुलूपबंद करता येणं, आणि सिग्नलचे खरे आकडे दिसणं. कुलूप यासाठी की मोडेम मोकळा सोडला तर तो २३०० मेगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्याकडे धावतो. त्या पट्ट्यात पाठवणं आणि ऐकणं आळीपाळीने चालतं, मध्ये एक छोटी फट ठेवलेली असते, आणि होडी लांब गेली की तिचं बोलणं त्या फटीत मावत नाही. बंदरातून निघताना धाकटा भाऊ आता एक बटण दाबतो, मोडेम खालच्या पट्ट्यावर बसतो.

अजून एक बारीक गोष्ट, जी डब्यावरच्या पुस्तिकेत एका ओळीत असते. मोडेमला दोन अँटेना लागतात पण दोन्हींचं काम सारखं नसतं. ऐकतात दोघी. बोलते सहसा एकटी, जिच्या जोडावर 'मेन' लिहिलेलं असतं ती. दर्याच्या कडेवर अडतं ते बोलणंच. टॉवर वीस-चाळीस वॅटनी ओरडतो, मोडेमचा आवाज पाव वॅटपेक्षाही कमी, ०.२ वॅट. फोनवर दोन काड्या दिसतात आणि मेसेजचं घड्याळ फिरत राहतं, त्याचं कारण हे: होडीला टॉवर ऐकू येतोय, टॉवरला होडी नाही. म्हणून जी अँटेना वर, मोकळ्यावर, डोलकाठीच्या सावलीत न येणारी, तीच मेनला लावायची.

सिग्नल वाढवणारं बूस्टर का नाही लावलं, असं बंदरावर दोघा-तिघांनी विचारलं. परवान्याशिवाय ते ठेवणंच आपल्याकडे बेकायदा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्याची गुरगुर टॉवरच्या कानात बसली की किनाऱ्यावरच्या गावाचे फोन बंद पडतात. मी ती गुरगुर शोधत उन्हात फिरले आहे. बूस्टरला माझा ठाम नकार आहे.

ऑगस्टमध्ये होडी निघाली. धाकट्याच्या हातात मी शाळेची दोनशेपानी वही दिली. दर पाच मैलांनी अंतर, वाव, सिग्नलचा आकडा, आणि मेसेज गेला की नाही. हा आकडा उणे असतो. शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल क्षीण. पहिल्या फेरीची पानं माझ्यासमोर आहेत. बंदरात उणे ७८. दहा सागरी मैलांवर उणे ९७. वीसवर उणे ११०, आणि शेजारी "बोललो. आवाज तुटत नाही." पंचवीस मैलांवर उणे ११५, "मेसेज लगेच." अठ्ठावीस मैलांवर उणे ११९, "व्हॉइस मेसेज गेला, ११ मिनिटं लागली." तीस मैलांना फक्त एक आडवी रेघ. अठ्ठावीस मैल म्हणजे जवळजवळ बावन्न किलोमीटर. बाबांच्या जुन्या हद्दीच्या पुढे सतरा.

तो अकरा मिनिटांनी पोचलेला व्हॉइस मेसेज नेपाळच्या एका खलाशाचा होता. हर्णैपासून रत्नागिरीपर्यंत होड्यांवर नेपाळची पुष्कळ मुलं आहेत. त्याची मुलगी तीन वर्षांची. धाकट्याने वहीत फक्त वेळ लिहिली होती, हे मला नंतर फोनवर सांगितलं.

एप्रिल-मेमध्ये वहीत काही आकडे असे आले की मी धाकट्याला पुन्हा विचारलं. चाळीस मैलांवर उणे १०५, संध्याकाळी. आकडा खरा होता. उन्हाळ्यात समुद्रालगतच्या दमट हवेवर कोरडी गरम हवा येऊन बसते आणि पाणी आणि ह्या गरम हवेच्या मध्ये लहरी पन्हाळीतल्या पाण्यासारख्या वाहत जातात, पृथ्वीच्या बाकाबरोबर वाकत. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका रडारला, दीड मीटर लांबीच्या लहरींवर, हजार मैलांहून लांबचा अरबस्तानचा किनारा ह्याच कारणाने दिसत असे. पावसाळी वारे सुरू झाले की ही पन्हाळ मोडते. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले की वैशाखात कधीकधी लांबवरही फोन वाजतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याचा भरवसा कधी धरला नाही. तोच भरवसा मीही धरत नाही.

तसाच मोडेमचाही जीव वाचवायच्या कामी भरवसा धरायचा नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. त्यासाठी होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा सोळा नंबरचा चॅनल आहे, तटरक्षक दलाचा १५५४ हा फोन नंबर आहे, आणि ऑगस्ट २०२४मध्ये पालघरहून ज्या योजनेची सुरुवात झाली तो उपग्रहाशी बोलणारा ट्रान्सपॉन्डर आहे. देशभरातल्या एक लाख होड्यांवर तो बसवायचा आहे. त्याला टॉवर लागत नाही, दोन्ही बाजूंनी छोटे निरोप जातात. २००९ला तो असता तर आई दोन रात्री उभी राहिली नसती. मोडेम रोजच्या दिवसांसाठी आहे: हवामान खात्याचा इशारा वेळेवर दिसावा, हैदराबादच्या इन्कॉइस ह्या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागा कळाव्यात, संध्याकाळच्या लिलावाआधी आईला सांगता यावं की कोलंबी किती आहे आणि बर्फ किती लागेल.

दिवाळीत बाबांनी मला विचारलं, "ते टॉवरचं तोंड तुम्ही खाली करता ना, ते थोडं वर राहू दिलं तर?" मी त्यांना गावांच्या तक्रारी सांगितल्या, त्या खऱ्याच आहेत. पण परत आल्यावर कामावर एक टिपण दिलं: किनाऱ्यावरच्या ज्या टॉवरांची एक अँटेना पूर्ण समुद्राकडे आहे आणि समोर खाडीपलीकडे गाव नाही, तिथे खालच्या पट्ट्याची अँटेना दोन अंशांवर राहू द्यावी, आणि त्या बाजूची अंतराची मर्यादा वाढवावी. फोरजीला ती शंभर किलोमीटरपर्यंत नेता येते, नियोजन करणाऱ्याने ठरवलं तर. सोबत धाकट्याच्या वहीची पानं जोडली. टिपणावर अजून उत्तर नाही. मी दर महिन्याला विचारते आहे.

यंदाच्या बंदीत खांब दोन फूट वाढवायचा आहे आणि डावीकडची अँटेना जाळ्याच्या दोरापासून दूर सरकवायची आहे. दोर एकदा तिला घासून गेला. बाबांनी दाभोळहून पाइप आणून ठेवला आहे. धाकट्याला नवी वही हवी आहे, पहिली भरली.